ओल

सूस रस्त्याच्या आत, नव्या सोसायटीच्या क्लबहाउसात
मुलांच्या खोलीची भिंत : अठरा फूट बाय नऊ.
पऱ्या हव्यात, म्हणाले गुंदेचा.
गुलाबी चालतील. पंख मस्ट.
आणि खाली कोपऱ्यात बिल्डरचा लोगो, बारीक.

मी हो म्हटलं. भाडं थकलं होतं.
तन्वीरनं प्रायमर मारला,
आणि पहिल्याच दुपारी हौसाबाई चांदेरे
पोछा टेकवून माझ्यामागे उभ्या राहिल्या.
"काय काढतीस?"
पऱ्या.
"हितं?"

मग पायाच्या अंगठ्यानं फरशीवर
त्यांनी एक गोल काढला, हळूहळू, खोलीभर.
"हितं आमची हीर व्हती. काठाला साती आसरा,
शेंदराचं सात दगड.
पोकलेनवाला आला, बघितलं, च्या पिऊन निघून गेला.
मग परगावचा आणला. त्येला काय ठावं."
दगड कुठे गेले?
"भरावात."

मला शिकवलेल्या पऱ्या सगळ्या दवाच्या,
देठावर मावणाऱ्या, पाकळी पांघरून निजणाऱ्या.
या विहीरभर.
वही पुढे करून विचारलं, दिसायला कशा?
"बायांवानी बाया. केस वले.
थोरल्या दिराला बोलावलं एकदा.
पट्टीचा पवणारा. बारा पुरुस पाणी.
तिसऱ्या दिशी वर आला."
म्हणजे वाईट?
"पाणी चांगलं का वाईट?"
म्हणत त्यांनी पोछा पिळला.

मी उंबर काढला, मुळं पाण्यात सोडून बसलेला.
तळाशी कासव, कपारीत खेकडा, शेवाळात बेडूक,
कारण सातींची नावं यांच्यावरूनच पडली, असं कुणी सांगतं.
बाया काढल्या गुडघाभर पाण्यात,
केस पिळणाऱ्या, पाठमोऱ्या.
एकीच्या दंडावर देवीची लस, हौसाबाईंच्या आहे तशी.

पंख कुठेत, गुंदेचांनी विचारलं.
चतुराचे दिले.
चतुर पाण्यातच जन्मतो, चिखलात दिवस काढतो,
मग एका पहाटे लव्हाळ्यावर चढतो
आणि त्याची पाठ उकलते.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
छान, ट्रान्स्परंट, ते म्हणाले.

सहा झाल्या. सातवी येईना.
उंबराखाली जागा ठेवली होती,
पण चेहरा काढला की साबणाची जाहिरात व्हायची.
तीनदा पुसली. तन्वीर म्हणाला,
ताई, इथे अजून एक मशरूम टाकू या का.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी
त्या जागी भिंत काळवंडली.
बाईसारखी वगैरे नव्हती. ओलीसारखी ओल होती.
प्लंबरनं मागून भिंत फोडली :
आत नळ नाही, बाथरूम नाही, वर गच्ची कोरडी, मे महिना.
हौसाबाईंनी बोटानं मोजलं, सहापर्यंत.
मग बोट भिंतीला टेकवून नाकाशी नेलं
आणि डोक्यावरून पदर घेतला.

सकाळी भिंतीच्या पायथ्याशी
दहीभाताचा द्रोण, खणाचा तुकडा, हिरव्या बांगड्या.
फीत कापायच्या आधीच झाडून घेतलं ते सगळं,
बांगड्या सोडून. त्या चौथ्या मजल्यावरच्या
एका मुलीनं कोपरापर्यंत चढवल्या होत्या
आणि काही केल्या निघत नव्हत्या.

बिल आलं. "ओल : वजा चार हजार."
भांडले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच
कुणीतरी पाण्याचा भाव काढून
माझ्या नावावर मांडला होता.

परवा पुन्हा गेले होते, ब्रश विसरले होते म्हणून.
ओल लोगोपर्यंत पोचलीय. माझी सही अर्धी गेलीय.
खोलीत कुणी नव्हतं. एसी बंद.
फरशीवर एक ओलं पाऊल, लहान मुलाचं असेल,
दाराकडे जाणारं.

एकच होतं. दुसरं मी शोधलं नाही.